खोकल्याच्या वाटेने मेंदूपर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला दुखण्याखुपण्याचा विषय कशाला, असं कार्यकर्त्यांपैकी एकदोघांनी मला विचारलं. त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईल. विषय आहे लहान मुलांची श्वासावाटे येणारी दुखणी, म्हणजे सर्दी-खोकला, फ्लू, गोवर, घटसर्प, न्यूमोनिया, टीबी, आणि त्यांच्यामुळे मेंदूला व नसांना होणारी इजा.

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचंच आहे. त्यातली बहुतेक दुखणी आपोआप जातात. म्हणून मला कोणालाही घाबरवायचं नाही. पण इतकी वर्षं बालमेंदूविकाराच्या विभागात काम केल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. खोकणारं पोर दवाखान्यात आणलं की आपण डॉक्टर त्याची छाती तपासतो, श्वास मोजतो, घसा बघतो, फार तर एक्स-रे काढतो. पोर वागतंय कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. ओळखतंय का, खेळण्याकडे हात करतंय का, नजर सरळ आहे का, जागं केल्यावर जागं राहतंय का, हे विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आई सांगत असते, ‘डॉक्टर, हा नेहमीसारखा नाहीये.’ हे वाक्य केसपेपरवर उतरत नाही. ते तापाच्या आकड्याशेजारी लिहिलं गेलं पाहिजे. मेंदूच्या दुखण्याची पहिली खबर बहुतेक वेळा याच वाक्यातून येते, रक्ताच्या तपासण्या नंतर येतात.

या दुखण्यांचा वेग सारखा नसतो. काही मिनिटांत घडतात, काही तासांत, काही आठवड्यांत, आणि एक तर कित्येक वर्षांनी. आपल्या हातात किती वेळ आहे, यावर आपण काय करायचं ते ठरतं. म्हणून मी त्याच अंगाने बोलणार आहे. फक्त आठवड्यांची गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण तिथे आपल्याला सगळ्यांत जास्त करता येतं आणि तिथेच आपण सगळ्यांत जास्त गमावतो.

मिनिटांची गोष्ट म्हणजे तापातली आकडी. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना ती कधी ना कधी येते, म्हणजे या सभागृहातल्या कित्येक घरांत ती येऊन गेली असेल. फ्लूचा ताप झपाट्याने चढतो, पोराचे डोळे वर जातात, दातखीळ बसते, अंग ताठ होऊन झटके येतात, ओठ निळसर पडतात. घरात रडारड सुरू होते. कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं, कुणी तोंडात पाणी ओततं. चमच्याने दात पडतो, जीभ फाटते. पाणी फुप्फुसात जातं. कांद्याने आणि चपलेने आकडी थांबत नाही. ती आपली वेळ झाली की थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं.

करायचं ते सोपं आहे. पोराला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. गळ्याशी काही आवळलं असेल तर सैल करा. तोंडात काहीही घालू नका. आणि घड्याळ बघा. बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत थांबतात. पाच मिनिटं झाली तरी झटके चालूच असतील, तर नाकात मारायचा मिडॅझोलामचा फवारा असतो. ज्या मुलाला आधी आकडी येऊन गेली आहे त्याच्या घरी तो डॉक्टरांना विचारून आणून ठेवावा आणि कसा मारायचा हे आजी-आजोबांनाही शिकवून ठेवावं, कारण आकडी आली तेव्हा आई-वडील कामावर असण्याचीच शक्यता जास्त. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पोराला बरं वाटतं, पण आकडी त्याने टळत नाही. तेव्हा ‘औषध द्यायला उशीर झाला म्हणून आकडी आली’ असा दोष आईने स्वतःला किंवा सासूने सुनेला देऊ नये.

पुढे काय, ही खरी काळजी असते. अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनस एलेनबर्ग यांनी तापात आकडी आलेल्या १७०६ मुलांचा सात वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला. १९७६ आणि १९७८ साली त्यांनी ते निष्कर्ष छापले. बहुसंख्य मुलांना पुढे मिरगी झाली नाही. आकडी येण्याआधी जी मुलं ठीक होती, त्यांच्या बुद्धीत सातव्या वर्षी त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा काही उणं आढळलं नाही. ही पाहणी मी पालकांना नेहमी सांगते. एकदा आकडी आलेल्या तिघांतल्या एकाला ती पुन्हा येऊ शकते, हेही सांगते, म्हणजे दुसऱ्या वेळी कुणी हबकून जात नाही.

पण सगळ्या आकड्या अशा निरुपद्रवी नसतात. पंधरा मिनिटांहून लांबलेली, अंगाच्या एकाच बाजूला आलेली, चोवीस तासांत पुन्हा आलेली, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आलेली आकडी रुग्णालयात तपासलीच पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आकडी थांबल्यावर पोर तासाभरात पूर्ण जागं होऊन आईला बिलगलं पाहिजे. ते ग्लानीतच राहिलं, तर दुखणं निराळं आहे असं समजा. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला झटके आले, तर आधी त्याच्या रक्तातला ऑक्सिजन, साखर आणि सोडियम बघायला हवं. फुप्फुसाच्या आजारात शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात सोडियम कमी असलेलं सलाईन भरपूर चढवलं की रक्तातलं सोडियम आणखी घसरतं आणि मेंदूला सूज येते. इथे इजा जंतूने केलेली नसते, उपचाराने झालेली असते. आणि ती टाळता येते.

आता तासांची गोष्ट. २००९ चा ऑगस्ट महिना पुणेकर विसरलेले नाहीत. स्वाइन फ्लूने देशात झालेला पहिला मृत्यू पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. तेव्हापासून फ्लू फुप्फुसं निकामी करू शकतो हे घराघरांत माहीत झालं. तोच फ्लू मेंदूवर जाऊ शकतो, हे मात्र अजून फारसं कुणाला माहीत नाही.

हे ज्ञान आपल्याला प्रामुख्याने जपानने दिलं. तिथल्या डॉक्टरांना दर थंडीत अशी मुलं दिसत होती की सकाळी ताप, संध्याकाळी असंबद्ध बडबड, रात्री आकडी आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्धी. मासाशी मिझुगुची यांनी १९९५ साली अशा मुलांच्या मेंदूच्या स्कॅनमधली एक खूण जगापुढे मांडली. मेंदूच्या खोल भागात डाव्या-उजव्या बाजूंना थॅलॅमस नावाची दोन केंद्रं असतात. जागेपण टिकवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. या मुलांमध्ये ती दोन्ही केंद्रं एकाच वेळी सुजून मरत होती. आश्चर्य म्हणजे पाठीच्या पाण्यात फ्लूचा विषाणू बहुधा सापडतच नाही. विषाणू नाका-घशात आणि फुप्फुसातच असतो. त्याला उत्तर म्हणून शरीर स्वतःच जी रसायनं सोडतं त्यांचा पूर येतो, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, आणि कवटीत सुजेला जागा नसते. काही कुटुंबांत एकाहून अधिक मुलांना हे झाल्याचं दिसलं, तेव्हा शोध घेतल्यावर २००९ साली रॅनबीपी-२ नावाच्या जनुकातला दोष हाती लागला.

हे दुखणं दुर्मीळ आहे. पण अमेरिकेत २०२३ ते २०२५ या दोन फ्लूच्या हंगामांत अशी ४१ मुलं एका अभ्यासात गोळा झाली. त्यांतली ११ दगावली. बहुतेक मुलं आधी धडधाकट होती. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी त्या हंगामाची फ्लूची लस घेतलेली होती. आपल्या देशातही बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी असं सांगते. ती सरकारी कार्यक्रमात नाही आणि तिचा खर्च गरीब घराला झेपत नाही. हा प्रश्न सरकारदरबारी लावून धरण्यासारखा आहे.

घरी ओळखायचं कसं? ताप चढला की मुलं बडबडतात, ‘भिंतीवर मुंग्या आहेत’ म्हणतात. ताप उतरल्यावर ते थांबलं आणि पोराने पाणी मागितलं, तर काळजी नको. ताप उतरला तरी बडबड थांबत नाही, आईलाच ओळखत नाही, सारखी झापड येते आहे, पुन्हा पुन्हा उलट्या होताहेत, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. या दुखण्यात रात्र घालवणं परवडत नाही.

औषधांचंही सांगते. २०००-२००१ च्या सुमारास जपानने फ्लूच्या मुलांमध्ये डायक्लोफेनॅक आणि मेफेनॅमिक ॲसिड या ताप उतरवणाऱ्या औषधांवर निर्बंध आणले, कारण ही औषधं घेतलेल्या मुलांची मेंदूची दुखणी जास्त गंभीर झालेली आढळत होती. आपल्याकडे मेफेनॅमिक ॲसिडचं पातळ औषध घराघरांत आहे. ताप लवकर उतरतो म्हणून आया ते आवडीने देतात आणि दुकानदार चिठ्ठीशिवाय देतात. फ्लूच्या दिवसांत वजनाप्रमाणे मोजून दिलेलं पॅरासिटामॉल पुरतं. ताप शंभरावर थोडा राहिला म्हणून पोराचं काही बिघडत नाही.

औषधामुळे मेंदूचं दुखणं उद्भवू शकतं, यावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी ॲस्पिरिनची हकिगत आहे. १९६३ साली सिडनीच्या बाल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी २१ मुलांची नोंद छापली. सर्दी-तापासारखं किरकोळ दुखणं बरं होत असतानाच उलट्या सुरू व्हायच्या, मग बेशुद्धी, मेंदूला सूज, आणि यकृतात चरबी साठलेली. कारण कळेना. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लू आणि कांजिण्यांच्या साथींमागून असे शेकडो रुग्ण येत होते. ॲरिझोनातल्या कॅरेन स्टार्को यांनी अगदी साधं काम केलं. हा आजार झालेली सात मुलं घेतली आणि त्याच वेळी फ्लूने आजारी पडून बरे झालेले त्यांचे सोळा शाळासोबती घेतले, आणि सगळ्यांच्या घरी कोणती औषधं दिली ते विचारलं. सातही आजारी मुलांना ॲस्पिरिनच्या जातीचं औषध मिळालेलं होतं. सोळांपैकी आठांनाच मिळालं होतं. हे १९८० साली छापलं गेलं. पुढे मोठ्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला, औषध कंपन्यांनी बराच विरोध केला, आणि अखेर १९८६ पासून अमेरिकेत ॲस्पिरिनच्या वेष्टनावर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी ब्रिटनने बारा वर्षांखालच्या मुलांसाठीचं ॲस्पिरिन बाजारातून काढलं. अमेरिकेत १९८० साली ५५५ रुग्ण नोंदले गेले होते. १९९४ नंतर वर्षाला दोनाहून जास्त नाहीत. आजार नेमका का होतो हे पुरतं उलगडण्याआधीच तो जवळजवळ संपला, कारण कुणीतरी घरोघरी जाऊन आयांना नीट प्रश्न विचारले. मला वैद्यकातल्या मोठमोठ्या शोधांपेक्षा ही सात अधिक सोळा मुलांची पाहणी जास्त भावते.

म्हणून मुलाच्या तापाला किंवा डोकेदुखीला मोठ्यांची पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिनची गोळी अर्धी करून देऊ नका. कावासाकीसारख्या काही आजारांत किंवा हृदयाच्या दुखण्यात डॉक्टर मुलांना मुद्दाम ॲस्पिरिन देतात. ते मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. अशा मुलाला फ्लूची लस देऊन घ्यायची, आणि फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आता वर्षांची गोष्ट, आणि इथेच गुरुजींचा संबंध येतो.

गोवर हे श्वासावाटे पसरणारं दुखणं आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, कारण आपल्याला दिसतो तो अंगावरचा पुरळ. गोवर निघाला की तो पूर्ण बाहेर पडू द्यावा, औषध देऊ नये, अशी समजूत खेड्यापाड्यांत अजून आहे. हजार मुलांमागे साधारण एकाला गोवरातच मेंदूज्वर होतो. तो लगेच दिसतो तरी. दुसरा प्रकार दिसतच नाही. विषाणू मेंदूच्या पेशींत लपून बसतो. पोर बरं होतं, वाढतं, शाळेत जाऊ लागतं. सहा, आठ, दहा वर्षं जातात आणि मग मेंदू हळूहळू निकामी होऊ लागतो. या आजाराला एसएसपीई म्हणतात. १९३३ साली अमेरिकेतले जेम्स डॉसन यांनी त्याचं वर्णन केलं आणि विषाणूचा संशयही बोलून दाखवला. तो विषाणू गोवराचाच, हे सिद्ध व्हायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

मी नुकतीच मेंदूविकार विभागात रुजू झाले होते. गुरुजी एका मुलाला आणि त्याच्या वडिलांना घेऊन ओपीडीत आले. पोर चौथीत होतं, हुशार म्हणून नावाजलेलं. गेल्या काही महिन्यांत अभ्यासात मागे पडलं होतं, दप्तर विसरत होतं, वर्गात हसत सुटत होतं. वडिलांनी दोन-तीनदा मारलंही होतं. गुरुजींनी पिशवीतून दोन वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, एक जूनची, एक डिसेंबरची. जूनच्या वहीत शुद्धलेखन रेघेवर बसलेलं होतं, वेलांट्या गोल होत्या. डिसेंबरच्या वहीत अक्षरं रेघ सोडून खाली घसरत होती, आणि ठरावीक अंतराने पेन एकदम बाजूला ओढलं गेल्याची लांब रेघ होती. गुरुजी म्हणाले, ‘बाई, हा आळस नाही. आळशी पोराची रेघ अशी जात नाही.’ मी पोराला हात पुढे धरायला सांगितलं. दर काही सेकंदांनी दोन्ही हात किंचित खाली पडत होते, मान झुकत होती. मेंदूच्या विद्युत आलेखात तोच ठेका उमटला. आईला आठवलं, वर्षाचा व्हायच्या आधी गोवर निघाला होता, लस राहून गेली होती.

त्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नाही. या आजाराला बरं करणारं औषध आजही नाही. काही औषधांनी वेग थोडा मंदावतो, एवढंच. गुरुजींनी त्यानंतर शाळेत पहिलीच्या प्रवेशाला लसीचं कार्ड बघायला सुरुवात केली. ज्याचं अपुरं असेल त्याला प्रवेश नाकारत नसत. त्याच्या आईला स्वतः बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जात. शिक्षकाला रोज चार-पाच तास मूल दिसतं आणि त्याच्या हाताचा लेखी पुरावा वर्षभर साठत जातो. आम्हा डॉक्टरांकडे इतकी नोंद कधीच नसते. अभ्यासात अचानक मागे पडलेलं, हातातून वस्तू पाडणारं पोर मारायचं नसतं, तपासायचं असतं.

एसएसपीई किती मुलांना होतो? पूर्वी दहा हजारांत एक वगैरे म्हणत. कॅलिफोर्नियातल्या अलीकडच्या अभ्यासात पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या १३६७ मुलांमागे एक आणि वर्षाच्या आत गोवर झालेल्या ६०९ बाळांमागे एक, असा हिशोब निघाला. म्हणजे जितक्या लहानपणी गोवर, तितका धोका मोठा. आणि आपली गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते. त्याआधीच्या बाळाचं रक्षण शेजारच्या मुलांनी घेतलेल्या लसीवरच अवलंबून असतं. लसीतल्या विषाणूने एसएसपीई होतो का, असं पालक विचारतात. ज्यांच्या मेंदूतला विषाणू तपासला गेला त्यांच्यात तो खऱ्या गोवराचाच निघाला, लसीचा नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली, मुलं दगावली. कोरोनाच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं त्याची ती किंमत. साथ ओसरली तशा बातम्याही ओसरल्या. माझ्या हिशोबाने ती साथ संपलेली नाही. तेव्हा तान्ही असलेली बाळं येत्या काही वर्षांत दुसरी-तिसरी-चौथीत बसतील. त्या भागातल्या शिक्षकांना हा आजार माहीत करून देण्याचं काम आत्ताच सुरू व्हायला हवं.

आठवड्यांच्या मोठ्या गोष्टीकडे वळण्याआधी, लस राहून गेल्याने होणाऱ्या आणखी एका आजाराविषयी, घटसर्पाविषयी, थोडक्यात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोर नाकात बोलू लागलं, प्यायलेलं दूध नाकातून परत येऊ लागलं, तर ते घटसर्पाच्या विषाने टाळूच्या नसा लुळ्या पडल्याचं लक्षण. पुढे हातपायही लुळे पडू शकतात. जीव वाचला तर नसा सावरतात. लसीचा पाचव्या-सहाव्या वर्षीचा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीचा डोस आपण विसरतो, म्हणून हा जुना आजार मोठ्या मुलांत पुन्हा दिसतो आहे.

आता आठवड्यांची गोष्ट, मेंदूचा टीबी.

घरातल्या कुणाला तरी फुप्फुसाचा टीबी असतो. बहुतेकदा आजोबा, काका, कधी आईच. खोकला ‘तंबाखूचा’ म्हणून चाललेला असतो. त्यांच्या मांडीवर खेळणारं दीड-दोन वर्षांचं पोर ते जंतू श्वासातून घेतं. मोठ्या माणसाचं शरीर त्या जंतूंना फुप्फुसातच कोंडून ठेवतं. लहान मुलाला ते जमत नाही. जंतू रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि तिथे बारीक गाठी करून बसतात. त्यातली एखादी गाठ मेंदूभोवतीच्या पाण्यात फुटते. अर्नोल्ड रिच आणि हॉवर्ड मॅकॉर्डॉक यांनी ही कार्यकारणसाखळी १९३३ सालीच मांडली. मुलांमध्ये हे बहुधा लागण झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत घडतं. मेंदूच्या तळाशी चिकट पू साचतो. डोळ्यांच्या नसा त्यात अडकतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पाण्याची वाट बंद होऊन डोक्यात पाणी साठतं.

पण सुरुवातीचे एक-दोन-तीन आठवडे काय दिसतं? बारीक ताप, किरकिर, भूक नाही, अधूनमधून उलटी, खेळणं बंद. एका मुलीची आई मला म्हणाली होती, ‘ही आता हट्टच करत नाही.’ तोवर त्या मुलीला पोट बिघडलं म्हणून, दात येताहेत म्हणून, जंत झाले म्हणून तीन ठिकाणची औषधं झाली होती. माझ्याकडे आली तेव्हा तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला होता आणि ती हाक मारली तरच डोळे उघडत होती. तिच्या आजोबांचं टीबीचं औषध चार महिन्यांपासून चालू होतं. घरात लहान मूल आहे का, हे आजोबांना कुणी विचारलं नव्हतं.

या टप्प्यावर निदानाला पाठीतलं पाणी काढावं लागतं, आणि इथे घरचे लोक अडतात. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, वाचत नाही’ ही समजूत फार खोल आहे. तिच्यामागे कारणही आहे. ज्यांचं पाणी काढतात ती मुलं मुळातच अत्यवस्थ असतात. त्यांतली काही दगावतात आणि दोष सुईला लागतो. जर्मनीतले हाइनरिश क्विंके यांनी १८९१ साली ही पद्धत रुळवली तेव्हापासून जगभर ती केली जाते. पोराला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेऊन परिचारिका घट्ट धरते. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई जाते. त्या पातळीला मज्जारज्जू संपलेला असतो, खाली सुट्या नसा असतात, म्हणून लुळेपणा येत नाही. डोक्यात सूज फार असेल तर आम्ही आधी स्कॅन करतो आणि गरज पडली तर थांबतो. थेंब थेंब करून छोट्या बाटल्यांत पाणी घेतात. न्यूमोकॉकस किंवा हिब यांसारख्या जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर ते गढूळ दिसतं. टीबीचं पाणी बहुधा स्वच्छ असतं, पण बाटली काही तास उभी ठेवली तर वरून खाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पडदा धरतो. मी ते जाळं आई-वडिलांना खिडकीच्या उजेडात दाखवते. त्यानंतर वर्षभराच्या औषधाला सहसा कुणी नकार देत नाही.

पाण्यातले टीबीचे जंतू फार कमी असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुतेक वेळा दिसत नाहीत. आता जनुकीय तपासण्या आहेत. गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट ही त्यातलीच एक. पण त्याही नकारात्मक आल्या म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. लक्षणं, घरातला टीबी, स्कॅन आणि पाण्यातले बदल जुळले तर डॉक्टरांनी औषध सुरू करावं. जागं असताना उपचार मिळालेलं मूल आणि बेशुद्धीत मिळालेलं मूल यांच्या पुढच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जगभरच्या अभ्यासांची बेरीज सांगते की उपचार मिळूनही पाचांपैकी सुमारे एक मूल दगावतं, आणि वाचलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना अपंगत्व, आकड्या, दृष्टी किंवा बुद्धीतलं काही ना काही उणं राहतं. ती मुलगी वाचली. डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी नळी तिला बसवावी लागली. आता चालते, पण उजवा हात वापरत नाही.

जन्मल्यावर देतात ती बीसीजीची लस मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीपासून फारसं वाचवत नाही, म्हणून तिला नावं ठेवली जातात. पण लहान मुलांच्या मेंदूच्या टीबीपासून ती चारांतल्या जवळजवळ तिघांचं रक्षण करते. तिचं मोल याच एका कामाने फिटतं. उरलेल्या एकाचं रक्षण घरातल्या टीबीच्या रुग्णापासून सुरू होतं. मोठ्या माणसाच्या थुंकीत टीबी सापडला की त्याच आठवड्यात त्याच्या घरातली मुलं तपासायची. कुणाला ताप, खोकला, वजन न वाढणं असेल तर त्याचं निदान आधी करायचं. जे मूल ठणठणीत आहे त्याला प्रतिबंधक औषध द्यायचं. आयसोनियाझिड रोज सहा महिने, ही जुनी पद्धत. दोन वर्षांवरच्या मुलांना आठवड्यातून एकदा, तीन महिने घ्यायची जोडगोळीही आता आहे. सरकारी केंद्रात हे फुकट मिळतं. २०२१ पासूनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते घरातल्या मोठ्यांनाही द्यायचं आहे, पण पाच वर्षांखालच्या मुलांचा नंबर पहिला असला पाहिजे.

अडचण अशी की धडधाकट पोराला सहा महिने औषध द्यायला कुणी राजी होत नाही. ‘त्याला काही झालेलं नाही’ म्हणतात. आशाताईंना हे समजावताना मी ऐकलं आहे. त्या हिरिरीने बोलतात, पण एकट्या पडतात. घरातल्या मोठ्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरने, मग तो खासगी असो की सरकारी, पहिल्या दिवशीच विचारलं पाहिजे, घरात लहान कोण आहे, किती वर्षांचं, कुणाजवळ झोपतं. आईलाच टीबी असेल तर घरचे बाळाला तिच्यापासून तोडतात, अंगावरचं दूध बंद करतात. तसं करू नका. दुधातून टीबी जात नाही. आईने तोंडाला मास्क लावून बाळाला पाजावं, बाळाला आजार नाही याची खात्री करून घ्यावी, आणि आईची गोळी व बाळाचं प्रतिबंधक औषध एकाच दिवशी सुरू करावं.